फ्लोअरिंगची फळी धनुष्यात कुठे बसते?

मंडळी, माझ्या हातातली ही फळी घरातल्या जमिनीसाठी केलेली आहे. बांबू फ्लोअरिंग. ६ फूट लांब, साधारण १५ मिलिमीटर जाड, एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. अमेरिकेतले हौशी धनुष्यकार घरकामातून उरलेल्या अशा फळ्यांची धनुष्यं करतात. मीही करतो. याचं धनुष्य टिकतं का, असं मला हमखास विचारतात. टिकतं, पण फळी कुठल्या थरात लावलीत त्यावर सगळं आहे.

बांबू आडवा कापून तोंडाकडे नीट बघा. सालीलगत गडद ठिपके दाटीवाटीने बसलेले दिसतात आणि आत जाल तसे विरळ होत जातात. हे ठिपके म्हणजे उभ्या धाग्यांच्या जुड्या. ताण सोसतात ते हेच धागे. भिल्लांच्या कामठ्याला दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची असते, म्हणजे काय चिवटपणा असेल बघा! आता धनुष्य ओढलं की पाठ, म्हणजे नेमाकडची बाजू, ताणली जाते. आपल्याकडचं पोट दाबलं जातं. मधल्या थराला दोन्हींचा जाच कमी.

फ्लोअरिंग होतं ते मुख्यतः चीनमधल्या मोसो बांबूचं. बांबू चिरून पट्ट्या काढतात, उकळून त्यातली साखर आणि पिष्ट घालवतात, वाळवून, रंधून एकमेकींना चिकटवतात. या रंधण्यातच सालीलगतचा सगळ्यात दमदार भाग निघून जातो.

हे मी धनुष्य मोडून शिकलो. फळीची पट्टी मी थेट पाठीला लावली होती. दोरी २५ इंचांपर्यंत ओढली तोवर छान आलं आणि वरचा बाहू, म्हणजे मुठीच्या वरचा वाकणारा भाग, काडकन गेला. तुटलेला तुकडा उजेडात धरला, तर कपची बरोबर गाठीवरून उचललेली. गाठीपाशी बांबूचे धागे किंचित वळसा घेतात. पट्टी सपाट केली की तो वळसा कापला जातो आणि धाग्यांची टोकं उघडी पडतात. फळीवर ज्या तपकिरी आडव्या खुणा आपल्याला शोभेच्या वाटतात, त्या याच गाठी.

तेव्हापासून फ्लोअरिंग मी गाभ्यात घालतो. जपानी युमी धनुष्य ही रचना कधीपासून वापरतं आहे. त्याच्या एका जातीत गाभ्याला बांबूच्या पट्ट्या कडेवर उभ्या लावतात, दोन्ही अंगांना लाकूड आणि पाठ-पोट पुन्हा बांबूचं. ज्या फ्लोअरिंगमध्ये पट्ट्या अशाच कडेवर उभ्या चिकटवलेल्या असतात, तेच निवडा. पाठीला मात्र सालीलगतचे धागे शाबूत असलेली बांबूची पट्टी हवी. वरची मेणचट कातडी खरवडा, गाठी उंच तशाच राहू द्या. पोटाला दाब सोसणारं जड लाकूड, अमेरिकेत बहुधा इपे नावाचं.

फळी घेताना फिकट रंगाची घ्या. कॉफीच्या रंगाची फळी दाबाखाली वाफवलेली असते, साखर करपून तो रंग येतो आणि बांबू मऊ पडतो. धागे चेचून, राळेत भिजवून दाबलेली फळी तर बाहूंसाठी नकोच. ती फार जड असते, आणि टोकाकडचं वजन बाणाचा वेग खातं.

वरच्या चकचकीत लेपात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे पॉलिश पेपरवर असते तीच खरखरीत पूड. रंध्याचं पातं त्यावर घालू नका, धार जागेवर जाईल. जाड पेपरने घासून काढा, आणि तोंडाला मास्क बांधा, कारण त्या धुळीत डिंकही असतो.

मग पट्टी चिरा. मी मुठीपाशी ३ मिलिमीटर ठेवतो आणि टोकाकडे निमुळती करत नेतो. बाहूची एकूण जाडी १० टक्के उतरली की ताठपणा जवळपास २७ टक्के जातो. म्हणून थर चिकटल्यावर बाक बघताना कानशीचे चार हात मारायचे, धनुष्य वीसेक वेळा अर्धवट ओढायचं, आणि भिंतीवर आखलेल्या रेघांशी दोन्ही बाहू पुन्हा ताडून बघायचे.