मान कलती ठेवून वाचणारा मुलगा

(दृश्य: डोंगराच्या पायथ्याची शाळा. पत्र्याच्या छताची एक खोली, भिंतीवर दोन फळे, दोन वर्ग.)

सकाळचे अकरा वाजत आले आहेत. जिल्हा परिषदेच्या या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. खिडकीच्या रांगेत तिसरीतला एक मुलगा पुस्तक नाकाला टेकेल इतके जवळ धरून, मान डाव्या खांद्याकडे कलती ठेवून धडा वाचतो आहे. गुरुजींनी त्याला आतापर्यंत तीनदा मान सरळ ठेवायला सांगितले. प्रत्येक वेळी त्याने मान सरळ केली, प्रत्येक वेळी त्याचे वाचन अडखळले, आणि गुरुजी फळ्याकडे वळताच मान पुन्हा होती त्या जागी गेली.

मागच्या भिंतीशी खुर्ची ओढून बसलेल्या बाई हे सगळे पाहत आहेत. त्या या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षिका आहेत. आजच्या दिवसातली ही त्यांची दुसरी शाळा. त्यांनी विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका घेतली आहे, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे त्यांची रीतसर नोंदणी आहे, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला शब्द कसे ऐकवायचे, ओठ कसे वाचायला शिकवायचे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. त्यांची पदविका श्रवणबाधित मुलांच्या शिक्षणाची आहे. समोरच्या मुलाची बुबुळे स्थिर राहत नाहीत, सारखी हलतात, एवढे त्यांच्या लक्षात आले आहे. पण पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. त्या वहीत एक ओळ लिहितात आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढतात.

हा माहितीपट त्या प्रश्नचिन्हाविषयी आहे.

भारतात विशेष शिक्षक कोणी व्हावे हे १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने ठरवले आहे. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम आज हसण्यासारखी वाटेल, पण कायद्याचा हेतू गंभीर होता. शिकलेल्या माणसाच्या हाती मूल जावे, दयाळू पण अडाणी हातांत जाऊ नये, असा तो हेतू होता. त्यासाठी जे अभ्यासक्रम आखले गेले, ते दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार वेगवेगळे झाले. श्रवणदोषाचा वेगळा, दृष्टिदोषाचा वेगळा, बौद्धिक दिव्यांगत्वाचा वेगळा. ही विभागणी विशेष शाळेला अगदी योग्य होती. कर्णबधिर विद्यालयात कर्णबधिर मुलेच येतात, अंधशाळेत अंध मुलेच येतात, आणि तिथल्या शिक्षकाने आपल्या एका विषयात खोल उतरावे हेच बरोबर असते.

केंद्राच्या विशेष शिक्षकाचे तसे नाही. त्याच्या वाट्याला विषय येत नाही, भूगोल येतो. एका केंद्रात दहा-वीस शाळा असतात आणि त्या शाळांच्या पटावर जे मूल असेल ते त्याचे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, सिकलसेल यांसारख्या स्थिती पहिल्यांदाच स्वतंत्र नावाने यादीत आल्या. मुलांच्या दृष्टीने हे फार मोठे पाऊल होते, कारण ज्याला आजवर ‘मठ्ठ’ किंवा ‘आळशी’ म्हटले जात होते, त्याला आता कायद्याचा आधार मिळाला. मात्र यादी तिपटीने वाढली तेव्हा ती हाताळणाऱ्या माणसाची पदविका होती तेवढीच राहिली. इतर दिव्यांगत्वांची ओळख त्याला अभ्यासक्रमात एखाद-दुसऱ्या विषयपत्रिकेत झालेली असते. ओळख असणे आणि शिकवता येणे यांत किती अंतर असते, हे वर्गात उभे राहिलेला कोणीही सांगेल.

(दृश्य: गटसाधन केंद्राचे सभागृह. भिंतीवर बॅनर, टेबलावर हजेरीपट.)

या अंतरावर प्रशिक्षणाचा पूल बांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात शासनाने ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि समावेशित शिक्षणाला साह्य करणारे कर्मचारीही तयार करावेत, असे लिहिलेले आहे. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात कार्यशाळा होतात. मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवण या क्षेत्रात माणसे तयार करते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘प्रशस्त’ ही पडताळणी सूची २०२२ मध्ये मोबाइलवर उपलब्ध करून दिली. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा आणि दुसरा भाग विशेष शिक्षकाने. अर्थात, सूचीने मूल नजरेस येते, त्याचे निदान होत नाही. निदान आणि प्रमाणपत्र हे वैद्यकीय मंडळाचे काम आहे. तरीही सूचीमुळे एक चांगली गोष्ट घडली: मुलाकडे किमान एकदा तरी सावकाश पाहणे गुरुजींना भाग पडले.

तरीसुद्धा या सभागृहात बसल्यावर एक खटकते. सकाळी दहाला हजेरी होते, साडेदहाला दीपप्रज्वलन, त्यानंतर पडद्यावर एकवीस प्रकारांची व्याख्यांसह यादी. दुपारी जेवण. जेवणानंतर उरलेल्या व्याख्या. पाच दिवसांच्या प्रशिक्षणात शिबिरार्थींसमोर एकही मूल येत नाही. अंध मुलांच्या खाचांच्या पाटीवर, म्हणजे टेलर फ्रेमवर, बेरीज कशी करतात हे चित्रातून दाखवले जाते, पण त्या खाचांत धातूच्या छोट्या खुंट्या डोळे मिटून स्वतः बसवून पाहायला कोणाला लावत नाहीत. मुलाला हात धुवायला शिकवण्यासाठी त्या एका कृतीचे दहा लहान टप्पे करावेत, हे फळ्यावर लिहून दिले जाते. पण सातव्या टप्प्यावर मूल नळच सोडत नाही तेव्हा काय करायचे, हा खरा प्रश्न विचारायला तिथे ते मूल नसते.

ज्यांनी हे काम वीस वर्षे केले आहे, असे विशेष शिक्षक ठामपणे सांगतात की त्यांना जे काही येते ते दुसऱ्या शिक्षकाच्या शेजारी बसून आले. बौद्धिक दिव्यांगत्वात पदविका घेतलेल्याने श्रवणाच्या बाईंबरोबर एक दिवस काढला, तेव्हा त्याला कळले की श्रवणयंत्र ‘बिघडले’ म्हणून जी मुले ते दप्तरात ठेवतात, त्यांतल्या अनेकांचा खरा अडथळा संपलेली बॅटरी किंवा कानाला सैल झालेला साचा हा असतो. मूल वाढते, कान वाढतो, साचा मात्र तोच राहतो, आणि मग यंत्र शिट्टी वाजवू लागते. मुलाला ती शिट्टी ऐकू येत नसली तरी शेजारच्याला येते, तो हसतो, आणि यंत्र दप्तरात जाते. ही माहिती कोणत्याही स्लाइडवर मावण्याइतकी लहान आहे, पण स्लाइडवरून ती हातात उतरत नाही.

प्रशिक्षणाचा दुसरा अर्धा भाग वर्गशिक्षकाचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक दुर्लक्षित आहे. विशेष शिक्षक एका शाळेत महिन्यातून दोनदा किंवा तीनदा पोहोचतो. उरलेले वीस-बावीस दिवस ते मूल गुरुजींचे असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्याच्या निकालात सर्वसाधारण शाळांत किती दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, याचे प्रमाण ठरवून जाहीर करण्यास केंद्र शासनाला सांगितले. त्या प्रमाणाची चर्चा पुष्कळ झाली. त्याच निकालात सर्वसाधारण शाळांतल्या इतर शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांनाही सक्तीचे प्रशिक्षण द्यावे, असे म्हटलेले आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत विशेष शिक्षकाला बोलायला वेळ मिळतो तो बहुधा शेवटी, चहा येऊन गेल्यावर, आणि तोही यूडायस या शाळांच्या ऑनलाइन माहिती प्रणालीतली माहिती कोणी अजून भरली नाही हे विचारण्यात निम्मा संपतो.

त्या दहा मिनिटांत काय सांगता येईल? खूप काही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, कारण ऐकू कमी येणाऱ्या मुलाला तुमचे ओठ दिसत नाहीत. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, कारण उजेडामुळे तुमचा चेहरा काळा दिसतो. स्वमग्न मुलाला दिवसभराचे वेळापत्रक चित्रांत लावून द्या आणि त्यात बदल होणार असेल तर आधी सांगा. अशा सूचनांना पैसा लागत नाही. ती सूचना अमलात आली का, हे पंधरा दिवसांनी येऊन पाहणारा माणूस तेवढा लागतो.

(दृश्य: दुचाकी, कच्चा रस्ता, मागच्या सीटला बांधलेली पिशवी.)

त्या माणसाकडे व्यवस्था कशी पाहते, हा प्रश्न प्रशिक्षणाइतकाच मोठा आहे. महाराष्ट्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून वर्षानुवर्षे करारावर राबले. करार संपण्याच्या सुमारास दरवर्षी त्यांचे लक्ष मुलावरून उडून आदेशाकडे लागत असे, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांना मान्यता दिली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष शिक्षकांची पदे निश्चित करून जाहीर करण्यास पुन्हा सांगितले. पद मंजूर होणे ही सुरुवातीची गोष्ट आहे, पण तिचे मोल कमी लेखू नये. पुढच्या वर्षी आपण याच केंद्रात असू याची खात्री असलेला शिक्षकच मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तीन वर्षांचा विचार करून लिहू शकतो.

मात्र पदाबरोबर कामाचा पसाराही आला. पिशवीत काय आहे ते पाहा. मदतनीस भत्त्याचे आणि प्रवास भत्त्याचे अर्ज, दिव्यांग मुलींच्या महिना दोनशे रुपये प्रोत्साहन भत्त्यासाठी बँक पासबुकांच्या झेरॉक्स, दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी अडलेल्या चार पालकांची कागदपत्रे, कृत्रिम अवयव व सहायक साधने बनवणाऱ्या अलिम्को या सरकारी कंपनीच्या मोजमाप शिबिराची यादी, आणि तळाशी मण्यांची पाटी व जाड रेघांची वही. ज्या मुलांना शाळेपर्यंत येताच येत नाही, त्यांच्या घरी जाऊन शिकवण्याचे दिवस वेगळे. तिथे शिक्षकाला मुलाच्या आईचे ऐकून घ्यावे लागते, आणि ते ऐकणे कोणत्याही विवरणपत्रात भरता येत नाही. पर्यवेक्षणाला येणारे अधिकारी भेटीची नोंदवही तपासतात, सही करतात. पाठ पाहायला थांबणारा अधिकारी विरळा, आणि पाठ पाहून ‘इथे मी असे केले असते’ असे सांगू शकणारा त्याहून विरळा, कारण बहुतेक अधिकारी स्वतः या विषयातले नसतात.

म्हणून काही तालुक्यांतल्या शिक्षकांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. त्याला आदेश नाही, निधी नाही, नावही नाही. तालुक्यात कोणाची पदविका कशातली आहे याची एक यादी त्यांनी करून ठेवली आहे. महिन्यातला एक दिवस केंद्रांची अदलाबदल होते. दृष्टिदोषाचे सर श्रवणाच्या बाईंच्या केंद्रात जातात, बाई त्यांच्या केंद्रात. दोघेही त्या दिवशी एकमेकांच्या अडलेल्या मुलांनाच भेटतात. फिरतीच्या नोंदीत हा दिवस कसा दाखवायचा, याचीच काय ती अडचण असते. ही पद्धत जिल्ह्याने मान्य करावी, तो दिवस कर्तव्यकालात धरावा आणि प्रवासखर्च द्यावा, एवढी या शिक्षकांची मागणी आहे. पाच दिवसांच्या सभागृहातल्या प्रशिक्षणाला जो खर्च येतो, त्याच्याशी ही तुलना कोणीतरी करून पाहायला हवी.

(दृश्य: पुन्हा तीच शाळा. व्हरांडा. मधली सुट्टी.)

बाईंनी वहीतले ते प्रश्नचिन्ह उघडून फोन लावला आहे. पलीकडे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्राचे सर आहेत. त्यांनी आधी विचारले की मान नेहमी एकाच बाजूला कलते का. बाई हो म्हणाल्या. मग सर म्हणाले, “ताई, गुरुजींना सांगा, त्याची मान सरळ करू नका. त्या कोनात त्याची बुबुळे सर्वांत कमी हलतात आणि अक्षर स्थिर दिसते. तो कोन त्याने स्वतः शोधून काढलाय. डॉक्टरांना दाखवायचंच आहे, पण तोवर तो मोडू नका.”

मधली सुट्टी संपल्यावर गुरुजींनी बाक हलवला. मुलगा आता खोलीच्या दुसऱ्या बाजूला बसला आहे, जिथून मान डावीकडे कलती ठेवूनही फळा नेमका समोर येतो. पुस्तकासाठी दप्तरावर दप्तर ठेवून तिरपा उतार केला आहे. गुरुजी दोनदा सवयीने “मान” एवढे म्हणाले आणि थांबले. बाईंनी वहीत सरांच्या भेटीसाठी पुढच्या महिन्यातला अदलाबदलीचा दिवस लिहिला आहे, त्याखाली नेत्रतपासणीची तारीख, आणि त्याखाली तिसऱ्या शाळेतल्या एका मुलीविषयी नवी ओळ. तिच्यापुढेही प्रश्नचिन्ह आहे.