नाटकाच्या पडद्यावरून आलेला समुद्र

क्लार्कसन स्टॅनफिल्डचं हे चित्र आधी डोळे भरून बघून घ्या. ट्रफाल्गरची आरमारी लढाई, 21 ऑक्टोबर 1805, दुपारचे अडीच, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनला गोळी लागून तास-दीड तास होऊन गेलाय. सगळीकडे धूर, मोडलेल्या डोलकाठ्या, फाटकी शिडं. आणि आता खाली बघा, पाणी. असं जड, हेलकावणारं पाणी स्वतः जहाजावर राहिलेला माणूसच काढू शकतो.

हा स्टॅनफिल्ड जन्मला 1793 मध्ये, इंग्लंडमधल्या सुंदरलंडला. वडील आधी खलाशी, मग नट, गुलामांच्या जहाजावर डोळ्यांनी बघितलेलं लिहून काढणारे, त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या थॉमस क्लार्कसनचं नाव पोराला दिलं. पोरगा एडिनबरोत बग्ग्यांवर चिन्हं रंगवायला शिकला, मग समुद्रावर गेला आणि 1808 मध्ये नौदलाने त्याला जबरदस्तीने भरती करून घेतलं. तिथे जहाजावर नाटकं व्हायची, त्यांचे पडदे हाच रंगवायचा.

खरी शाळा मात्र लंडनचं ड्रुरी लेन थिएटर. 1823 पासून. हे भांड्यात गरम होतंय ते सरस, म्हणजे चिकट गोंद, त्यात भुकटी रंग कालवायचा आणि गार व्हायच्या आत भराभर मारायचा. गंमत अशी की ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणजे उद्या दिसणारी लाट आज डोक्यात धरून आज वेगळ्याच रंगात काढायची, तीही भल्यामोठ्या कापडावर. शिवाय सरकता पडदा, एका रुळावरून सुटतो, दुसऱ्यावर गुंडाळला जातो आणि लोक जागेवर बसून प्लिमथचा बंधारा, बंदरं, जहाजं बघत जातात. आम्हाला तरी यापुढे कोणी ‘नुसता नेपथ्यवाला’ म्हटलेलं चालणार नाही!

आता ही 1826 ची शेल्ट नदीतली बाजाराची होडी बघा. पाण्यावर वारा कुठून येतोय ते शिडाकडे न बघताही कळतं. कलासमीक्षक रस्किनने स्टॅनफिल्डला इंग्लिश वास्तववाद्यांचा म्होरक्या म्हटलं ते उगीच नाही.

1834 मध्ये त्याने थिएटर सोडलं, 1835 मध्ये रॉयल अकॅडमीत पूर्ण सदस्य झाला, 1867 मध्ये गेला. ड्रुरी लेनचे ते पडदे आज उरले नाहीत.

पण दोस्तीखातर पडदे रंगवणं काही थांबलं नव्हतं. 1855 मध्ये चार्ल्स डिकन्सच्या घरच्या नाटकासाठी त्याने एडिस्टन दीपगृहाचा पडदा रंगवला. डिकन्सने तो पुढे घरात लावला, आणि 1870 मध्ये डिकन्स गेल्यावर लिलावात त्याच पडद्याला जवळपास हजार गिनी (तेव्हाचं ब्रिटिश चलन) मिळाल्या.