टोपलीत न जाणारी प्रेसनोट

नमस्कार श्रोतेहो.

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी २३ वर्षं काढली. आधी बातमीदार म्हणून, मग डेस्कवर. या काळात हातातून किती प्रेसनोट गेल्या याचा हिशेब नाही, पण केराच्या टोपलीत किती गेल्या ते सांगता येईल. बहुतेक सगळ्या! ज्यांनी नुकती कंपनी काढलीय आणि पेपरात आपल्याबद्दल चार ओळी याव्यात असं ज्यांना वाटतंय, त्यांच्याशी आज थोडं त्या टोपलीबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले एक बहीणभाऊ कचेरीत आले. बेदाण्याच्या शेडमध्ये लावायचं एक लहानसं यंत्र त्यांनी बनवलं होतं. हवेतला दमटपणा वाढला की ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा देतं. सोबत दोन पानी प्रेसनोट. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सुसज्ज अशा नावीन्यपूर्ण उपक्रमाचा शुभारंभ मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला.' पुढे मान्यवरांची नावं, एकूण १४. यंत्र नेमकं काय करतं, ते दुसऱ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत.

मी विचारलं, "हे सुचलं कशावरून?" भाऊ कंपनीचं ध्येयधोरण सांगायला लागला. बहीण मध्येच म्हणाली, "सर, मागच्या मार्चमध्ये रात्री अडीचला पाऊस आला. आम्ही गाढ झोपेत. शेडच्या ताडपत्र्या वर गुंडाळलेल्या. आठवडाभरात अर्धा माल काळा पडला."

मी म्हटलं, आता बोला! कारण द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर टाकली की पुढचे पंधराएक दिवस बागायतदाराची नजर आभाळाकडे असते. तासगाव, कवठेमहांकाळच्या घराघरात अशी एक रात्र होऊन गेलेली आहे. तिचं ते वाक्य वाचून माणूस चहाचा कप खाली ठेवणार. उद्घाटन कोणी केलं, यासाठी कोणी ठेवत नाही.

बातमीदाराची अडचणही समजून घ्या. कचेरीतल्या बैठकीत त्याला एकच प्रश्न येतो, 'हे आजच का छापायचं?' उत्तर त्याच्याजवळ नसेल तर तुमची बातमी तिथेच संपली. मग ते उत्तर तुम्हीच त्याच्या हातात द्या ना. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. त्या दोघांनी प्रेसनोट आणली होती गणपतीत! मी त्यांना म्हटलं, जानेवारीअखेर या, आणि येताना ज्यांच्या शेडवर यंत्र बसवलंय अशा दोन शेतकऱ्यांचे फोन नंबर आणा. त्यातला एक कुरकुर करणारा असला तरी चालेल. खरं तर असावाच. सगळेच गोड बोलायला लागले की बातमीदाराला वास येतो.

आता काही बारीकसारीक गोष्टी, ज्यांच्यापायी चांगल्या बातम्याही मेलेल्या मी पाहिल्यात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते, आणि रात्री आठला ती पुन्हा टाइप करत बसायला कोणालाही वेळ नसतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत धुरकट येतो. फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून लिहा. आणि फोटो यंत्राचा, शेडमधल्या माणसासकट. फीत कापतानाचा नको, हात जोडून सांगतो.

फोन सकाळी उशिरा करावा, पानं लागत असताना संध्याकाळी नाही. आठवण एकदा करावी. तिसऱ्यांदा 'सर, लागेल का उद्या?' आलं की माणूस तुमचा नंबर ओळखायला लागतो, आणि उचलत नाही. ज्याला पाठवताय त्याने याआधी काय लिहिलंय ते वाचलेलं असावं. क्रीडा पानाच्या माणसाकडे आलेली बेदाण्याची प्रेसनोट पुढे शेतीच्या पानापर्यंत पोचते, हा गैरसमज आहे. आणि छापण्याआधी बातमी दाखवा, असं म्हणू नये. आकडा पडताळून द्यायची तयारी मात्र जरूर दाखवा.

पैशांचं काय, असं हमखास विचारतात. जाहिरात द्यायची तर जाहिरात विभागात जा, दर विचारा, पावती घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पण जाहिरातीला बातमीचे कपडे घालून पाठवण्याला पेड न्यूज म्हणतात. वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये तिची व्याख्याच करून ठेवलीय. रोख असो की वस्तू, मोबदला घेऊन छापलेली बातमी ती पेड न्यूज. म्हणजे प्रेसनोटसोबतची ती गिफ्टची पिशवीसुद्धा घरीच ठेवावी.

आपल्याच कौतुकाची फार हौस असेल तर स्वतःचा कागद काढा. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली, ती कारखान्याचीच होती. पण शंकरराव किर्लोस्करांनी ती नांगर-पंपांपुरती ठेवली नाही. नवे विचार, उद्योग, घरसंसार असं सगळं त्यात येत गेलं, आणि तिचंच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. स्वतःच्या पैशाने छापतानाही त्यांनी वाचणाऱ्याचा विचार आधी केला.

आणखी एक. वाईट दिवशीही फोन उचला. अमेरिकेत २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. अपघात झाला की तोंड मिटून बसायचं, अशी त्या काळातल्या रेल्वे कंपन्यांची रीत. पण आयव्ही ली नावाच्या सल्लागाराने कंपनीच्या वतीने घटनेची माहिती लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवली. न्यूयॉर्क टाइम्सने ३० तारखेला ती जशीच्या तशी छापली. पहिली प्रेसनोट म्हणून हिचंच नाव घेतात. म्हणजे बघा, या कागदाचा जन्म अपघातातला. उद्घाटनाला तो नंतर लागला!

तर, ते बहीणभाऊ जानेवारीत पुन्हा आले. एक पान, सहा वाक्यं, सुरुवात रात्री अडीचच्या पावसाने. मान्यवर एकही नाही. बातमी जिल्हा आवृत्तीत आत, दोन कॉलम लागली. भाऊ जरा हिरमुसला, त्याला पहिलं पान हवं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ भरून आलं. आमच्या तासगावच्या बातमीदाराने हवामानाची बातमी लिहायला घेतली, आणि पहिला फोन त्या मुलीला लावला. "ताई, काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

ती म्हणाली, "थांबा जरा, आधी ताडपत्र्या सोडून येते."

नमस्कार.