नोडला नावानं हाक मारा

नोड म्हणजे ग्राफ डेटाबेसमधली एक वस्तू, आमच्याकडे एक गाव; हे या खोलीत सांगायला नको. थेट कऱ्हाडला जाऊ.

काही वर्षांपूर्वी आम्ही कऱ्हाडच्या आसपासची गावं आणि रस्ते निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये भरत होतो. कऱ्हाडच्या नोडला डेटाबेसनं आपणहून दिलेला आयडी मिळाला 412. आमच्यातल्या एकानं तो आकडा तसाच कोडमध्ये लिहिला. आयडीनं शोधलं की लवकर सापडतं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. निओफोरजेच्या त्या साठवणीच्या फाइलमध्ये एका नोडची नोंद 15 बाइटांची. आयडीला 15 नं गुणलं, की फाइलमधली जागाच हाती येते.

पण मग तो आकडा जागेचा झाला, गावाचा नाही! चाळीतल्या खोलीच्या नंबरासारखा. बिऱ्हाड बदललं तरी दारावर तोच. दुबार नोंदी काढताना कऱ्हाडचा नोड पुसून नव्यानं भरला गेला, आणि मोकळा झालेला 412 पुढं ओगलेवाडीला मिळाला. हो, प्रभाकर कंदिलाची ओगलेवाडी. ती कऱ्हाडला खेटूनच, कऱ्हाडचं रेल्वे स्टेशनसुद्धा तिथंच. त्यामुळे अंतरं चुकायची ती चार-पाच किलोमीटरनं. 412 वर चंद्रपूर बसलं असतं, तर पहिल्याच दिवशी सगळे ओरडले असते. आम्ही तीन आठवडे अंतराच्या सूत्रात दोष शोधत होतो. ज्यानं ते सूत्र लिहिलं होतं, त्या मुलाला विनाकारण बोलणी बसली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच हा विषय मी जिथं जाईन तिथं काढतो.

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

निओफोरजेत 2013 च्या 2.0 आवृत्तीपासून लेबलं, म्हणजे नोड कोणत्या प्रकारचा हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्यावरचे इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायच्या सूची, आहेत. गावाच्या लेबलवर नाव एकमेव असण्याची अट घाला. इंडेक्स तिच्याबरोबर आपोआप येतो आणि 'मर्ज' ही 'असेल तर घे, नसेल तर कर' अशी आज्ञा दुबार नोड करत नाही. पाचव्या आवृत्तीत जुनं आयडी फंक्शन मोडीत काढायच्या यादीत गेलं. त्याच्या जागी आलेल्या एलिमेंट आयडीचीही हमी एका ट्रान्झॅक्शनपुरतीच, म्हणजे डेटाबेसशी झालेल्या एका व्यवहारापुरतीच, तेव्हा तोही कुठं साठवू नका.

आता एकाच नावाची दोन गावं असतील तर, म्हणून तुम्ही वडगाव काढणार. बरोबर आहे, मावळातलं वडगाव वेगळं, वडगाव निंबाळकर वेगळं. म्हणून अट नाव आणि तालुका दोन्हींवर मिळून घाला, किंवा जनगणनेचा गाव-कोड नोडवर गुणधर्म म्हणून ठेवा. तो आकडाच आहे, पण गावाचा आहे.

आणि कऱ्हाडमधला ऱ! कुणी तो एकच अक्षर म्हणून टंकतं, कुणी र-खाली नुक्ता देऊन, कुणी र्-नंतर न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखे, डेटाबेसला तिन्ही वेगळे. युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या प्रमाणित रूपात आणलं की पहिले दोन एक होतात, तिसरा स्वतःच बदलून घ्यावा लागतो. हे भरतानाही करा आणि शोधतानाही. 'कराड'साठी पर्यायी नावाचा वेगळा नोड जोडा.

शेवटी क्वेरीपुढं 'एक्सप्लेन' लावून डेटाबेस ती कशी शोधणार ते बघा. 'ऑल नोड्स स्कॅन', म्हणजे सगळे नोड एकेक करून तपासणं, दिसलं, तर लेबल लिहायचं राहिलंय.