कामावरचे कपडे कोण धुतं?

श्रोतेहो, नमस्कार.

रसायनांचा संपर्क, लिंगभाव आणि आरोग्य या विषयावरच्या एका जाहीर व्याख्यानाला मी नुकतीच जाऊन आले. त्यातलं जे अजून डोक्यात घोळतंय, ते आज तुमच्याशी बोलणार आहे.

वक्त्यांनी सुरुवात ॲस्बेस्टॉसपासून, म्हणजे छपराच्या पत्र्यांत वगैरे वापरल्या गेलेल्या तंतुमय खनिजापासून, केली. 1965 साली लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. यातल्या काही रुग्णांनी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी काम केलं नव्हतं. घरातलं माणूस तिथे कामाला होतं, एवढाच काय तो संबंध. नवऱ्याचे कामावरचे कपडे धुणाऱ्या बायका त्यांत होत्या. कपडे भिजवण्याआधी आपण काय करतो? झटकतो, खिसे उलटे करतो. त्या झटक्यासरशी उडणारे बारीक तंतू श्वासावाटे आत जातात आणि आजार वर यायला तीस-चाळीस वर्षंही लागतात. तोवर धुण्याची आठवण कोण ठेवणार? आणि ‘घरीच असते’ असं सांगणाऱ्या बाईला पुढे कुणी काही विचारतही नाही.

पण हा फक्त बायकांचा प्रश्न नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशकांच्या कारखान्यातले कामगार 1977 च्या सुमारास आपसात बोलू लागले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाहीये. तपासणीत काहींचे शुक्राणू फारच कमी निघाले, काहींचे अजिबात नाहीत. डीबीसीपी नावाच्या रसायनाचा हा परिणाम होता. प्राण्यांच्या वृषणांवर त्याचा दुष्परिणाम होतो, हे 1961 सालीच छापून आलं होतं! मूल होत नाही म्हटल्यावर आधी बायकोच्याच तपासण्या सुरू होतात. या कामगारांनी एकमेकांशी तोंड उघडलं नसतं, तर तिथेही तेच चालू राहिलं असतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो शिशाचा मुद्दा. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणात, बाळाला अंगावर पाजताना, कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरतं. म्हणजे दिवस राहिल्यावर काळजी घेऊन भागत नाही. अमेरिकेतल्या एका बॅटरी कंपनीने यावर उपाय काढला, तो असा: मूल होऊ शकेल अशा बायकांना शिशाच्या कामावर घ्यायचंच नाही. 1991 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदेशीर ठरवलं. पुरुषांच्या प्रजननक्षमतेलाही शिशाने बाधा होते, याचे पुरावे समोर होतेच. बाईला दाराबाहेर ठेवायचं आणि शिशाची धूळ आत तशीच राहू द्यायची, याला संरक्षण म्हणायला माझं मन धजत नाही. धूळ कमी करा, मग कामावर कुणीही असो.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. घरात काय पाळायचं, असं एका गृहस्थांनी विचारलं. उत्तर सरळ होतं. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. कामावरचे कपडे शक्यतो कामावरच बदला; कारखान्याने ते धुऊन द्यावेत अशी मागणी करा. घरी आणावेच लागले, तर न झटकता वेगळे धुवा. आणि डॉक्टरांनी ‘काय काम करता?’ असं विचारलं, तर नोकरीबरोबर घरात काय-काय हाताळता तेही सांगा. त्यांनी विचारलं नाही, तरी सांगा.