कुंभार्ली उतरून कुप्याच्या पाण्यात

कोयनेचे पाणी निसर्गक्रमाने पूर्वेकडे वाहते, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. मात्र शिवसागर जलाशयात अडवलेल्या या पाण्यापैकी वर्षाला सुमारे ६७.५ अब्ज घनफूट पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरते, पोफळीच्या जनित्रांवरून पश्चिमेला उतरते, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. रस्त्याचीही वाट जवळजवळ हीच आहे. विजापूरकडून येणारा महामार्ग जत, विटा, कराड आणि पाटण ओलांडून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो. माघ शुद्ध षष्ठीच्या पहाटे या रस्त्याने निघालेली चार माणसे दुपारपर्यंत दाभोळला पोहोचणार आहेत आणि पुढची संपूर्ण रात्र किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात काढणार आहेत.

चौघेही नदीकाठी वाढलेले आहेत. मरळ, कटला आणि वाम हे त्यांचे लहानपणापासूनचे मासे. त्यांच्यापैकी विट्याचे गृहस्थ गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त बरीच वर्षे कोचीला राहिले आणि समुद्रातली मासेमारी तिथेच शिकले. बाकीच्या तिघांना या पाण्याची ओढ त्यांच्यामुळेच लागली. गाडीच्या टपावर बांधलेल्या काठ्या नदीवरच्या काठ्यांपेक्षा आखूड आणि जाड आहेत, कारण इथे दूरवर फेकण्यापेक्षा खालून ओढणाऱ्या माशाचा भार पेलणे महत्त्वाचे असते. रिळावर विणलेली, बारीक पण विलक्षण मजबूत दोरी आहे. दोरी ज्या ताणाला तुटते त्याच्या साधारण एक तृतीयांश ताणाला रिळाचा ब्रेक बसवलेला असतो. त्यापेक्षा जोरात मासा ओढू लागला की दोरी तुटण्याऐवजी रिळावरून सुटत जाते आणि सुटणारी प्रत्येक वाव माशाला दमवते.

ही माणसे ज्या माशासाठी निघाली आहेत त्या कुप्याला, म्हणजे ट्यूनाला, साताऱ्या-सांगलीच्या बाजारात फारसा मान नाही. सुरमई आणि पापलेट विचारून घेतले जातात. कुपा मात्र काळपट, उग्र वासाचा आणि शिजवल्यावर भुसभुशीत होणारा मासा म्हणून कडेला पडून राहतो. या माहितीपटाचे म्हणणे असे आहे की हा दोष माशाचा नाही. समुद्रातल्या सर्वांत तल्लख शरीरांपैकी एक शरीर कुप्याला लाभले आहे. ते पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्याला कसे वागवले जाते, यावर घाटावरच्या ताटात काय पडणार हे ठरते.

नौकेवर चढण्यापूर्वी तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख, प्रत्येकाची ओळखपत्रे तपासतात आणि जीवरक्षक जाकिटे अंगावर चढवून घ्यायला लावतात. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे आणि ती तशीच असायला हवी. बिनतारी संच, दिशादर्शक यंत्र आणि खोली दाखवणारा पडदा सुरू करून पाहिला जातो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सुकाणूजवळच रंगाने लिहिलेला आहे. यानंतर ज्या कामाला सर्वांत जास्त वेळ दिला जातो ते काम बर्फाचे. लाद्या फोडून मासळीचा खण काठोकाठ भरला जातो. चौघांना थोडा कमी बर्फ चालला असता, पण तांडेल ऐकत नाहीत. "साहेब, मासा मिळाला नाही तर बर्फ फुकट गेला एवढंच. बर्फ कमी पडला तर मासा फुकट जाईल," असे ते म्हणतात.

दिवसाचा खारा वारा अंगावर घेत नौका पश्चिमेला निघते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातल्या मासेमारीवर राज्याचा कायदा चालतो. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत देशाचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. ताशी सात-आठ सागरी मैलांच्या चालीने जाणाऱ्या नौकेला खोल पाणी गाठेपर्यंत सूर्य कलतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेले पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या आधारे संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते, आणि तांडेल ती पाहूनच निघाले आहेत. वेगवेगळ्या तापमानांचे प्रवाह जिथे भेटतात तिथे सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि त्या माशांवर कुपा येतो. सूचनेतली जागा केवळ दिशा देते. नेमकी जागा तांडेल पाण्याचा रंग आणि पाण्यावर झेपावणारे पक्षी पाहून ठरवतात.

कुपा म्हणजे एकच मासा नव्हे, हेही इथे सांगितले पाहिजे. पाठीवर तिरक्या रेघा आणि छातीखाली काळे ठिपके असलेला लहान चणीचा गेदर किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ येतो. त्याहून मोठा, निमुळत्या अंगाचा लांबशेपटी कुपा या उथळ सागरमंचावरच फिरतो, आणि आजची मोहीम मुख्यतः त्याच्यासाठी आहे. पिवळ्या परांचा कुपा, म्हणजे ज्याला जगभर यलोफिन ट्यूना म्हणतात तो, खुल्या महासागराचा मासा आहे. सागरमंच संपून तळ एकदम खोल जातो त्या बाजूला तो अधिक सापडतो. या माशावर हिंदी महासागरात इतका ताण आला होता की २०१५ मध्ये त्याच्या साठ्याची नोंद अतिमासेमारी झालेला साठा अशी करावी लागली. याच समुद्रात, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली बुडालेले प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सरखेल असलेल्या या दर्यावर्दीचे नाव ज्या जागेला आहे, तिच्याविषयी साताऱ्यात फार क्वचित बोलले जाते याची खंत वाटते.

संध्याकाळी नौकेची चाल थोडी कमी करून मागे कृत्रिम आमिषे सोडली जातात. आधी सुरमई लागते. तिचे दात असे धारदार की गळाच्या वर तारेचा तुकडा नसेल तर दोरी कापलीच समजावी. त्यानंतर एका काठीवर दोरी एवढ्या वेगाने सुटू लागते की कोणीच काही बोलत नाही. दूरवर पाण्याबाहेर झेपावलेला मासा सेलफिश आहे. भाल्यासारखा लांब जबडा आणि पाठीवर शिडासारखा उभा राहणारा पर यांमुळे तो क्षणात ओळखू येतो. त्याला नौकेजवळ आणले जाते, पण वर घेतले जात नाही. आमिषाला वाटोळ्या तोंडाचा गळ लावलेला असल्यामुळे तो पोटात न अडकता जबड्याच्या कडेला अडकला आहे. खलाशी वाकून, हातमोजे घातलेल्या हाताने जबडा धरतो आणि गळ काढतो. नौका हळूहळू पुढे सरकत राहते, कारण माशाच्या कल्ल्यांतून पाणी वाहत राहिले पाहिजे. त्याच्या अंगावरचे निळे पट्टे पुन्हा गडद होतात आणि तो खाली निघून जातो. मासा पाण्याबाहेर उचलून छायाचित्र काढण्याचा मोह चौघांनी टाळला, आणि आमच्या कॅमेऱ्यानेही त्याचे चित्रण पाण्यातच केले.

षष्ठीचा चंद्र अकराच्या सुमारास मावळतो. ही तिथी विचार करूनच निवडली आहे. अमावस्येचे उधाण ओसरून पाणी भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीकडे, झुकलेले असते, प्रवाहाची ओढ कमी होते आणि खाली सोडलेले आमिष सरळ उतरते. किनाऱ्यावरून मतलई वारा सुटतो. माशांना आकर्षित करण्यासाठी एलईडीचे प्रखर दिवे पाण्यावर सोडण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. त्यामुळे नौकेवर नियमाचे मार्गदर्शक दिवे आणि कामापुरता एक मंद दिवा एवढाच उजेड आहे. त्या मंद उजेडाच्या कडेला माकूल (स्क्विड) येतात, आणि लहान गळांच्या झुबक्याने पकडलेले हेच माकूल पहाटेचे आमिष होणार आहेत. हिवाळ्याच्या उत्तरार्धात या समुद्रात नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणात वाढतो आणि पाणी ढवळले की तो प्रकाशतो. दोरी पाण्यात जिथे शिरते तिथे निळसर रेघ उमटते. मध्यरात्रीनंतर तळावरून तांब आणि गोबरा मिळतो. दोघे झोपतात, दोघे जागे राहतात.

कुप्याच्या शरीराकडे आता नीट पाहू. बहुतेक माशांचे रक्त कल्ल्यांतून जाताना आसपासच्या पाण्याइतके थंड होते. कुप्याच्या शरीरात अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांचे असे जाळे असते की स्नायूंकडून परतणारे गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारे थंड रक्त अगदी शेजारून, विरुद्ध दिशांनी वाहते. उष्णता बाहेर न जाता पुन्हा स्नायूंत परत येते. जॉन डेव्ही या इंग्रज वैद्याने १८३५ मध्येच कुप्याच्या कुळातल्या माशांचे अंग पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते हे नोंदवले होते. गरम स्नायू जोराने आणि दीर्घ काळ काम करतात, आणि कुप्याचा वेग यातूनच येतो. मात्र हा मासा थांबू शकत नाही. कल्ल्यांवर पाणी ढकलण्याची ताकद त्याच्याकडे पुरेशी नसल्यामुळे तोंड उघडे ठेवून सतत पोहत राहणे हाच त्याचा श्वास आहे. जन्मापासून मरेपर्यंत तो पोहतच असतो.

हेच सामर्थ्य गळाला लागल्यावर त्याच्या मांसावर उलटते. तो जिवाच्या आकांताने खाली धावतो, स्नायू तापतात, लॅक्टिक आम्ल साठते, आणि रक्ताच्या ज्या जाळ्याने उष्णता जपली तेच जाळे आता ती बाहेर पडू देत नाही. अशा माशाला तासभर खेळवत ठेवले आणि नंतर तळपत्या फळीवर टाकले, तर त्याचे लाल, चमकदार मांस आतल्या आत निस्तेज आणि पाणचट होते. घाटावर कुप्याची जी अपकीर्ती आहे तिचे मूळ बरेचसे इथे आहे. म्हणूनच जाड काठी आणि मजबूत दोरी वापरून लढत लवकर संपवणे हा कौशल्याचा आणि दयेचाही भाग आहे.

रथसप्तमीचा सूर्य वर येण्याआधी पाण्यावर खळबळ दिसते. लहान मासे उसळत आहेत आणि खालून कुपा त्यांच्यावर येतो आहे. इंजिन मंद करून नौका कळपाच्या कडेने नेली जाते, कारण मधोमध गेल्यास कळप बुडी मारतो. माकूल लावलेला गळ सोडताच पाटणचा तरुण कठड्याला टेकतो. दोरी सरळ खाली जात राहते. "ओढू नका दादा, काठी वर उचला आणि खाली येताना गुंडाळा," असे विट्याचे गृहस्थ त्याच्या कानाशी सांगत राहतात. शेवटी मासा अंगाची बाजू वर करून नौकेखाली मोठी वर्तुळे काढू लागतो. दर फेरीत तो थोडा वर येतो. वीस मिनिटांच्या आत खलाशाचा आकडा त्याच्या डोक्यात बसतो, अंगात नाही. अंगात आकडा रुतला तर तेवढे मांस वाया जाते.

पुढचे काम वेगाने पण शांतपणे होते. मासा ओल्या गोणपाटावर ठेवला जातो आणि त्याच्या डोळ्यांवर ओले फडके टाकले जाते. मेंदूत अणकुचीदार सळई घालून त्याची तडफड त्याच क्षणी थांबवली जाते. छातीच्या पराच्या मागे, दोन्ही बाजूंनी छोटा छेद घेतला जातो, कारण तिथे मोठी रक्तवाहिनी त्वचेच्या जवळून जाते. कल्ल्याजवळही एक काप दिला जातो आणि पाण्याची धार सोडून रक्त वाहू दिले जाते. मग कल्ले आणि आतडी काढून मासा खणात उतरवला जातो. या खणात आता नुसता बर्फ नाही. फोडलेल्या बर्फात समुद्राचे पाणी मिसळून पातळ काला केलेला आहे. कोरड्या लादीवर ठेवलेला मासा एका बाजूने गार होतो आणि दुसऱ्या बाजूने कोमट राहतो, तर या काल्यात थंडी सर्व बाजूंनी भिडते. त्या पहाटे दोन कुपे आणि काही गेदर मिळाले. कळप अजून जवळच होता, तरी काठ्या उचलल्या गेल्या, कारण उरलेल्या बर्फात तेवढेच मासे नीट राहणार होते.

थंडीचा हा आग्रह केवळ चवीसाठी नाही. कुपा आणि बांगडा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा कोमट राहिला तर जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. अशी मासळी खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठते, डोके दुखते, आणि लोक दोष आपल्या पित्तप्रकृतीला देतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून, तळून किंवा पुन्हा बर्फात ठेवून नष्ट होत नाही. घाटमाथ्यावरच्या ग्राहकाने दर विचारण्याआधी माशाच्या पोटाला हात लावून तो खरोखर गार आहे का हे पाहावे, एवढे तरी आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते.

दुपारी दाभोळ, संध्याकाळी चिपळूण आणि अंधार पडता पडता कुंभार्ली, असा परतीचा प्रवास होतो. कराडच्या एका घरात मासा कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभा कापला जातो आणि चार लांब फाका निघतात. मांस गडद लाल आणि घट्ट आहे, आणि त्याला उग्र वास नाही. बाजूच्या मध्यरेषेतला जवळजवळ काळा पट्टा वेगळा काढला जातो. सतत पोहणाऱ्या माशाचा सर्वाधिक राबलेला स्नायू तो हाच, आणि रक्तासारख्याच लोहयुक्त रंगद्रव्याने भरलेला. कराडच्या ताई तो टाकून देत नाहीत. आमसुलाचे पाणी आणि कांदा-लसूण मसाला लावून त्याचे सुके वेगळ्या कढईत होते. लाल फाकांचे जाड तुकडे मात्र तव्यावर फार वेळ ठेवले जात नाहीत, कारण या मांसात चरबी कमी असते आणि जास्त शिजले की ते चोथ्यासारखे होते. विट्याचा वाटा न कापता, कण्यासकट डब्यात भरला जातो. वर आणि खाली बर्फ दाबून, डब्याच्या बुडाशी पाणी निथळायला जागा ठेवून, तो डबा त्याच रात्री पुढच्या रस्त्याला लागतो.