चिपाडाला चिकटलेला रंग

[रसवंतीचा चरक, घुंगरांचा आवाज]

पुण्यात ऊन तापलं की कोपऱ्याकोपऱ्यावर ही घुंगरं वाजू लागतात. आपण "बर्फ कमी" म्हणतो, रस पितो, निघतो. मागे चिपाडांचा ढीग आणि माश्या. त्यातलंच पिशवीभर चिपाड आम्ही मागून आणलंय, पाण्यात मिसळलेला रंग ते ओढून घेतं का बघायला.

[पातेल्यात उकळणारं चिपाड]

आधी उकळायचं, मग पाणी बदलत धुवायचं. इथे घाई केली की सगळं फसतं. साखर राहिली तर ते आंबतं. शिवाय चिपाडाचा स्वतःचा पिवळट रंग पाण्यात उतरतो, मग रंग गेला की वाढला तेच कळत नाही. धुतलेलं चिपाड गच्चीवर वाळवलं. एप्रिलातल्या गच्चीपुढे ओव्हन कशाला? मग मिक्सर आणि चाळणी. मिक्सर जुना, स्वयंपाकातून बाद झालेला.

[बरणीत निळं पाणी]

हा मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग. 1876 साली जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश कारो यांनी तो बनवला. पाण्यात त्याच्या रेणूवर धनप्रभार असतो. चिपाडाचे तंतू ज्यांचे बनतात त्या सेल्युलोज-लिग्निनच्या पृष्ठभागावर ऋणप्रभार. भुकटी टाकून तासभर ढवळत राहिलं की निळा रंग तिला जाऊन चिकटतो. याला अधिशोषण म्हणतात. कुणी पृष्ठशोषण म्हणतं, आणि ते कानाला लवकर पटतं. भुकटी बारीक, तेवढी चिकटायला जागा जास्त.

[दुसऱ्या बरणीत लिंबू पिळताना]

इथे आधीच लिंबू पिळलंय. आम्लातले हायड्रोजन आयन त्याच जागा अडवतात, त्यामुळे निळा रंग पाण्यातच जास्त रेंगाळतो. काँगो रेडसारख्या ऋणप्रभारित रंगाचं उलट, त्याला आम्ल मानवतं.

[मुठेचं पात्र, पुलावरून]

म्हणून नदीकाठी चिपाडाची पोती ओतून भागत नाही. रंगकामाच्या सांडपाण्यात अनेक रंग असतात, मीठ असतं, साबण असतो. सगळेच जागेसाठी भांडतात. सक्रिय कोळसा, म्हणजे अशाच कामासाठी बनवलेला सच्छिद्र कोळसा, सहसा जास्त रंग धरतो, पण महाग पडतो. चिपाड जवळपास फुकट आहे, एवढाच त्याचा मोठेपणा.

[गाळणीवर निळा गाळ]

पाणी नितळलं. रंग मात्र आता या गाळात आहे. आम्लानं धुतला तर पुन्हा पाण्यात येईल. खतात घालायची हिंमत आमच्यात नाही.

सकाळी कचरा न्यायला आलेल्या ताईंनी डबा उघडून पाहिला. "हे काय निळं? ओल्यात घेऊ का सुक्यात?"